अत्याचारानंतर मूल सावरते कशाच्या बळावर?

महोदय,

मुलांवरील अत्याचाराच्या बातम्यांत आरोपी, तपास आणि शिक्षा यांविषयी पुष्कळ छापून येते. ते मूल पुढे कसे सावरले, याविषयी मात्र क्वचितच. उलट ‘कोवळे आयुष्य उद्ध्वस्त’ असा मथळा सर्रास दिला जातो, आणि तो वस्तुस्थितीला धरून नसतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांविषयीच्या ४५ अभ्यासांचा केंडल-टॅकेट, विल्यम्स व फिंकेलहॉर या संशोधकांनी १९९३ मध्ये आढावा घेतला. त्यात सुमारे एकतृतीयांश मुलांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणे आढळली नव्हती, तर सुमारे दोनतृतीयांश मुले पहिल्या १२ ते १८ महिन्यांत सावरत गेली होती. (लक्षणे नाहीत म्हणजे इजाच झाली नाही, असे अर्थातच नव्हे.)

अत्याचार किती काळ चालला, त्यात बळजबरी किती होती, करणारा किती जवळचा होता, यांवर आघाताची तीव्रता ठरते. त्यात मागाहून कोणालाच बदल करता येत नाही. आईचा आधार आहे की नाही, या त्याच आढाव्यात नोंदवलेल्या घटकाचे मात्र तसे नाही, आणि म्हणूनच माझ्या मते सर्वाधिक लक्ष तिथे द्यायला हवे.

मूल सगळे एका दमात सांगत नाही. थोडे सांगते, मोठ्यांचा चेहरा न्याहाळते आणि मग पुढचे सांगायचे की गिळून टाकायचे, हे ठरवते. अशा वेळी ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न काळजीपोटी विचारलेला असला, तरी मुलाच्या कानी तो दोषारोप म्हणूनच पडतो. घरात रडारड आणि भांडणे सुरू झालेली पाहून कित्येक मुले आपले सांगणे मागे घेतात. रोलंड समिट या मनोविकारतज्ज्ञांनी १९८३ मध्येच हे मांडले होते. तरीही ‘शब्द फिरवला, म्हणजे खोटेच असणार’ असा निष्कर्ष आजही काढला जातो.

अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर आईचाही संसार त्याच दिवशी कोलमडतो. तिच्याकडून खंबीरपणाची अपेक्षा ठेवायची आणि तिला मात्र कोणी विचारायचे नाही, हा अन्याय आहे. आघात-केंद्रित वर्तनोपचारात, म्हणजे आघातानंतरचे विचार आणि वागणे यांवर काम करणाऱ्या मानसोपचारात, पालकांनाही सामील करून घेतले जाते. हे उपचार साधारण १२ ते १६ सत्रांचे असतात, म्हणजे वर्षानुवर्षे चालणारे नव्हेत.

वृत्तपत्रांनाही यात वाटा उचलता येईल. नाव न छापता शाळा, इयत्ता, वस्ती आणि आरोपीशी असलेले नाते छापले, की ओळख उघड व्हायला वेळ लागत नाही. मग वर्गातल्या नजरा आणि शेजाऱ्यांची कुजबुज त्या मुलाला रोज झेलावी लागते. आपल्या वृत्तपत्राने असा तपशील गाळावा आणि प्रत्येक बातमीखाली मदत कुठे मिळेल, हे दोन ओळींत द्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक