वारा पाहत बसलेल्याची छाटणी

निफाड तालुका, जि. नाशिक
१२ नोव्हेंबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर आपले रोज बोलणे होते, परंतु त्या वेळी इकडे ट्रॅक्टर चालू असतो नाहीतर तिकडे तुझी बस आलेली असते, म्हणून यंदाच्या छाटणीची हकिकत कागदावर लिहायचे ठरवले. आजीनेही तसे बजावले आहे, कारण या हकिकतीत जिंकली आहे ती.

द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आपण ८ ऑक्टोबरला धरली होती. पेठकडची मजुरांची टोळी ठरली होती, छाटल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावायच्या पेस्टचे सामानही आणून ठेवले होते. आदल्या रात्री हवामानाच्या अ‍ॅपमध्ये सलग पाच दिवस पाऊस दिसला आणि माझा हात मागे आला. काडीवर लावलेली पेस्ट पावसाने धुऊन गेली तर डोळे मागेपुढे फुटतात आणि मग घड विरळ करण्याच्या थिनिंगपासून काढणीपर्यंत साऱ्या बागेचा मेळ बिघडतो, हे तुला ठाऊक आहेच. त्यानंतर मी रोज सकाळी ओट्यावर बसून मोबाइल पाहायचो आणि छाटणी उद्यावर ढकलायचो. पाऊस मात्र एक थेंब आला नाही. टोळी तरी हजेरी बुडवून किती दिवस बसणार? तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच्या बागेत गेली आणि आपली छाटणी १८ तारखेवर गेली.

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेला आजीने बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढायला सांगितला. मोतीबिंदूमुळे तिला अक्षर दिसत नाही, तरी जुने काळ्या पुठ्ठ्याचे शास्त्र ती मांडीवर घेऊनच बसते. तुझी आई वाचत होती. जो वारा पाहत राहतो तो पेरणी करणार नाही आणि जो ढगांकडे पाहत राहतो तो कापणी करणार नाही, या अर्थाच्या चौथ्या वचनाशी ती आली आणि तिला हसू आवरेना. हे पुस्तक ज्याच्या नावावर आहे त्या शलमोनाच्या मळ्यात पानांवरचा डावणी रोग येत नव्हता, असे मी रागाने बोलून गेलो. आजी शांतपणे म्हणाली, "पुढचं वाच."

खरे सांगायचे तर हेच वचन मागे एकदा 'आजचे वचन' म्हणून माझ्या मोबाइलवर आले होते आणि मी ते चहा पिता पिता वाचून पुढे सरकलो होतो. तिथे ते एकटेच होते. पुस्तकात त्याच्या मागोमाग वाऱ्याची वाट माणसाला कळत नाही हे येते आणि सहाव्या वचनात सकाळी बी पेर, संध्याकाळीही हात आवरू नकोस, कारण दोहोंपैकी कोणते साधेल हे तुला ठाऊक नाही, असे सांगितले आहे. आभाळाकडे पाहणाऱ्याची ही थट्टा नाही. न कळणे शेतकऱ्याच्या वाट्याला आलेलेच आहे असे धरून त्याला कामाला लावणारे बोलणे आहे. मी चौथ्या वचनावर चिडलो आणि सहाव्यावर गप्प झालो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले, १९२२ साली वारल्या तोवर त्या याच कामात होत्या, आणि तुम्ही बसथांब्यावर एक ओळ वाचता, हे आजीचे वाक्य तू अनेकदा ऐकले आहेस. या वेळी ते मला उद्देशून होते.

आता यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तू म्हणशील की पप्पांनी एकतर्फी लिहिले. तू मे महिन्यात बागेत जे हवामान केंद्र बसवून गेलास, त्याने ३० ऑक्टोबरच्या रात्री दोन वाजता मोबाइल वाजवला. भुरभुर येऊन गेली होती आणि पाने कित्येक तास ओली असल्याचे ते दाखवत होते. मी बॅटरी घेऊन बांधावर गेलो. नुकतीच दोन-तीन पानांची फूट निघालेली. प्रत्येक शेंड्यावर उजेडात चमकणारा पाण्याचा थेंब, आणि पान उलटून बोट फिरवले तर खालूनही ओलेच. डावणीला पानात शिरायला एवढा पाण्याचा थर पुरतो. उजाडताच ट्रॅक्टरला ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, जोडून फवारणी केली. बाग स्वच्छ आहे. शेजारच्या एका बागेत पानांवर डावणीचे तेलकट डाग दिसू लागले आहेत आणि तिचा मालक बिचारा रोज विचारायला येतो.

अ‍ॅपने पुढे काय होईल ते सांगितले आणि मी बसून राहिलो. केंद्राने आत्ता काय होते आहे ते सांगितले आणि मी उठलो. अ‍ॅप काढून टाकलेले नाही, मात्र सकाळी ओट्यावर बसणे बंद केले आहे. दहा दिवसांचा उशीर आता काढणीत दिसेल, तेव्हा भावाचे काय होते ते पाहू.

नाताळाला येशील तेव्हा एक काम कर. आजीच्या मोबाइलवर तू जे बोलते बायबल घालून दिले आहेस, त्यातला वाचणारा तिच्या मते गाडी सुटल्यासारखा वाचतो आणि वंशावळी तर एका दमात संपवतो. त्याला सावकाश करायचे बटण मला सापडत नाही.

तुझा,
पप्पा