सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतल्या त्या मुलास

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा आटोपून तू गावी गेलास आणि तुझा जुना नंबर आता लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुझ्याबरोबर अभ्यासाला बसणारं कोणीतरी वाचेल आणि तुझ्यापर्यंत पोचवेल.

आमच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी तू वाचवलीस. लेखक, प्रकाशक, कपाट क्रमांक, जुन्या दिवाळी अंकांची वर्षं, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये आहे. आमच्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी निवृत्त होईपर्यंत ती एकेक नोंद करत उभी केली. त्या सकाळी कॉम्प्युटर लावला तर डेस्कटॉपवरचे झाडून सगळे आयकॉन पीडीएफच्या प्रोग्रामचे झालेले. एक्सेलवर क्लिक केलं तरी तोच प्रोग्राम उघडे आणि ‘ही फाइल उघडता येत नाही’ म्हणे. वर्डचं तेच, ब्राउझरचं तेच. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल. यादीचं काय, तर म्हणे बघू.

तू पेपर चाळायला आला होतास. “काकू, फॉरमॅट नको. आधी फाइल आहे का ते बघू,” म्हणालास. थेट डी ड्राइव्ह उघडलास, फोल्डरमधल्या यादीवर डबल क्लिक केलंस, आणि ती एक्सेलमध्ये उघडली. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जशीच्या तशी. त्या क्षणी माझ्या जिवात जीव आला.

मग तू समजावून सांगितलंस, आणि तेही घाई न करता. डेस्कटॉपवर असतात ते बहुतेक नुसते शॉर्टकट, म्हणजे खऱ्या प्रोग्रामकडे किंवा फाइलकडे नेणाऱ्या खुणा. शॉर्टकट हीसुद्धा एक छोटी फाइलच, तिच्या नावाला शेवटी ‘डॉट एलएनके’ असतं, पण विंडोज ते कधी दाखवतच नाही. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची हे विंडोज या शेवटच्या अक्षरांवरून ठरवतं. आमच्याकडे ‘डॉट एलएनके’लाच पीडीएफचा प्रोग्राम जोडला गेला होता, म्हणून सगळे शॉर्टकट एकदम बिघडले. हे कोणी केलं, असं तू एकदाही विचारलं नाहीस. याचंही मला फार कौतुक वाटलं.

शॉर्टकट चालत नव्हते, म्हणून विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘रेजएडिट’ टाइप केलंस; विंडोजच्या आतल्या नोंदी बघायचा आणि बदलायचा तो प्रोग्राम. करंट यूजरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स असं उतरत डॉट एलएनकेपर्यंत गेलास. तिथला ‘यूजरचॉइस’, म्हणजे चुकून जोडल्या गेलेल्या प्रोग्रामची नोंद, काढण्याआधी त्या भागाची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवलीस. लॉग ऑफ, पुन्हा लॉग इन, आणि सगळे आयकॉन जागेवर! आमचं मशीन विंडोज ७ चं, त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला, तेव्हा त्यावर इंटरनेट फार वापरू नका, हेही तू बजावलंस.

जाता जाता फोल्डर ऑप्शन्समध्ये फाइलची शेवटची अक्षरं दिसतील अशी सोय करून दिलीस. नाव बदलून फाइल बदलत नाही, हे दाखवायला एक पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडलीस, तर सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरं. वर्डची नवी फाइल उघडलीस तर तिची सुरुवात ‘पीके’ने. झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून एकात बांधायची पद्धत, ती बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं, आणि वर्डची फाइल आतून झिपच असते! स्पर्धा परीक्षेचा इतका अभ्यास डोक्यावर असताना तू हे सगळं आवडीने सांगत होतास.

परवा एका सभासद आजींच्या लॅपटॉपवर नातवाचे फोटो भलत्याच प्रोग्राममध्ये उघडत होते. फोटोवर राइट क्लिक, ओपन विथ, हवा तो प्रोग्राम, आणि ‘नेहमी’वर खूण. मी ते स्वतः करून दिलं. आजींनी माझे आभार मानले, ते खरे तुझे आहेत.

यादीची एक प्रत आता पेनड्राइव्हवर कपाटात आहे आणि एक आमच्या अध्यक्षांच्या घरी. तू मागितलेला महाराष्ट्राच्या भूगोलाचा संदर्भग्रंथही आला आहे. निकाल काहीही लागो, पुण्याला आलास की ये. तुझं सभासदत्व आम्ही चालू ठेवलं आहे, वर्गणी द्यायची नाही.

तुझी,
वाचनालयातली काकू