दोन सूत दोरीचं देणं

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत पेढे घेऊन गाळ्यावर आले, तेव्हा तुम्ही एक पेढा तोंडात टाकलात, बाकीचा बॉक्स कामावरच्या पोरांना दिलात आणि माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "दोरीचे काय पैसे घ्यायचे, ताई?" एवढंच म्हणालात. दारात दोन शेतकरी फवारणीचे ब्लोअर घेऊन उभे होते, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं. मनातलं सगळं मनातच राहिलं. म्हणून हे पत्र. तुमची नात वाचून दाखवेल. चारचौघांत लिहिते आहे, कारण दिंडोरी रस्त्यावरच्या, पंप आणि ब्लोअर दुरुस्त करणाऱ्या एका पत्र्याच्या गाळ्यातून काय काय दिलं जातं, ते नाशिककरांनाही कळायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी पंचवटीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, आणि घरभाडं झेपेना म्हणून एक जुनी बोट घेऊन तीवरच संसार मांडला आहे. लंडन ते बर्मिंगहॅम असा ग्रँड युनियन नावाचा 137 मैलांचा कालवा आहे, त्याच्या मधल्या टप्प्यात आम्ही असतो. बोट लोखंडी, 57 फूट लांब आणि रुंदीला सात फुटांनाही दोन इंच कमी. म्हणजे घर म्हणजे एक लांबच लांब बोळ. कायमचा धक्का नसलेल्या बोटीला एका जागी साधारण चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही, त्यामुळे दर पंधरवड्याला घरासकट पुढे सरकायचं. पाणी टाकीत भरून आणायचं, संडासाची टाकी स्वतः उचलून ओतून यायची, वीज बॅटरीवर. आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं ते इंजिन बिघडलं, की घरच बंद पडतं.

तात्या, मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती मागच्या डिसेंबरात. आईच्या आजारपणासाठी नाशिकला आले होते आणि नवरा तिकडे एकटा होता. बोटीच्या मागच्या बाजूला, जिथून पंख्याचा दांडा पाण्यात जातो, तिथून पाणी आत यायला लागलं होतं. आदल्या उन्हाळ्यात तिथल्या एका यार्डात ते काम पैसे मोजून करून घेतलं होतं. तरी पाणी येतच होतं. तळातलं पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू व्हायचा, रात्रभर चालायचा आणि बॅटरी उतरवायचा. हिवाळ्यात तिकडे ऊन नाही, त्यामुळे सोलरचाही आधार नाही. नवरा पहाटे दोनला उठून डबड्याने पाणी उपसत होता आणि मी इथे आईच्या उशाशी बसून फोनवर ते ऐकत होते. हॉस्पिटलच्या दारात भेटलेल्या एका शेतकरीदादांनी तुमचा पत्ता दिला. "पंप असेल ना, मग तात्यांकडे जा," म्हणाले.

तेव्हा द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. ऑक्टोबर छाटणीच्या बागा, त्यात चार दिवस ढगाळ हवा, आणि डावणी रोगाच्या भीतीने प्रत्येकाला फवारणी त्याच दिवशी हवी. तुमच्या दारात सात-आठ ब्लोअर ओळीने उभे होते. एका शेतकऱ्याचा एक दिवस गेला तर त्याचं काय जातं, हे मला कळत होतं. परत फिरणार होते. तुम्ही हात पुसत विचारलंत, "काय आणलंय?" मी म्हटलं, "बोट." तुम्ही हसला नाहीत. स्टूल पुढे सरकवलंत.

मग तुमचे प्रश्न. कालव्यात बोट म्हणजे आवर्तन संपल्यावर ती कुठे जाते? मी सांगितलं, तिथले कालवे सिंचनाचे नाहीत, मालवाहतुकीसाठी खणलेले आहेत, वरच्या तलावांतून पाणी सोडून ते बारमाही भरलेले ठेवतात. फक्त हिवाळ्यात दुरुस्तीसाठी काही टप्पे बंद करतात. तुम्ही मान हलवलीत आणि पुढचं विचारलंत: पाणी गोडं की खारं? दांडा केवढा? दोरी कसली भरली आहे? मला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "लावा फोन त्यांना." नाशिकला दुपारचे बारा, तिकडे पहाटेचे साडेसहा. नवऱ्याने टॉर्च लावून इंजिनाच्या खड्ड्यात फोन धरला आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पाहायला लागलात.

मिनिटभरातच तुम्ही म्हणालात, "ही तर आपली ग्लँड. विहिरीवरच्या पंपाला असते तीच."

तिथे कोणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. फिरता दांडा, त्याभोवती डबी, डबीत दोरीच्या कड्या, वरून नट आवळून त्या दाबायच्या. तुम्ही नवऱ्याला जुन्या दोरीचा तुकडा काढून पट्टीवर धरायला लावलात. सहा मिलिमीटर. "बोट इंग्रजाची, जुनी, तिची मापं इंचात. तिथे दोन सूत दोरी लागते. यांनी सहा एमएम कोंबली आहे. ढिली पडते म्हणून नट आवळत बसलेत." दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरहून जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर जास्त. एवढ्याशा फटीने आमची झोप घालवली होती. मग तुम्ही त्यांना दांड्यावरून नख फिरवायला सांगितलंत. नख कुठे अडकतं का? नाही म्हणाले. "मग दांडा वाचलाय. देवाचे आभार माना आणि आता नटाला हात लावू नका."

नुसती दोरी देऊन तुम्ही मला वाटेला लावू शकला असता. तरी मी आयुष्यभर नाव घेतलं असतं. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोलावलंत, शटर उघडायच्या आधी. भंगारातून दीड इंची नळीचा तुकडा काढून शिकंज्यात धरलात. ग्रीस मुरवलेली सुती दोरी तिच्याभोवती गुंडाळून तिरका छेद कसा द्यायचा ते दाखवलंत आणि ब्लेड माझ्या हातात दिलंत. पहिली कडी आखूड झाली. दुसरीचं टोक टोकावर चढलं. तिसरी तुम्ही नुसती पाहिलीत आणि बाजूला टाकलीत. तीन सकाळी मी आले. तिसऱ्या दिवशी सलग चार कड्यांचे जोड असे जुळले, की बोट फिरवलं तरी कळेना. तुम्ही "हं" म्हणालात. त्या "हं"चं मोल मला माझ्या पदवीच्या कागदापेक्षा जास्त आहे.

आणि जोड एका रेषेत कधी येऊ द्यायचे नाहीत, हे तुम्ही घड्याळावर शिकवलंत. पहिला बारावर, दुसरा चारवर, तिसरा आठवर. नट आधी नुसत्या बोटांनी. बोट चालवायची, मग पाना, तोही एका वेळी थोडाच. ग्लँड अगदी कोरडी दिसली तर खूश व्हायचं नाही, ती तापते आणि दांडा खाते. चालताना थेंब-थेंब गळू द्यायचं. डबीवर तळहात ठेवून बघायचं, चटका बसता कामा नये. संध्याकाळी बोट थांबली, की ग्रीसचा कप घट्ट लागेपर्यंत फिरवायचा.

माझी खरी भीती वेगळी होती. बोट पाण्यातच असताना जुनी दोरी काढली तर कालवा आत येईल. क्रेनने बोट बाहेर काढायचा खर्च आम्हाला परवडणारा नव्हता. तुम्ही बराच वेळ गप्प बसलात, चहा निवला, आणि मग म्हणालात, "आधी कपातून ग्रीस भर, भर, भर. नळीत ग्रीसचा बांध होऊ दे. पाणी येईल, पण वाट शोधत येईल." बोट तुम्ही आयुष्यात पाहिली नव्हती. जानेवारीत मी परत गेले, नवऱ्याने टॉर्च धरला आणि मी तेच केलं. शेवटची जुनी कडी निघाली तेव्हा करंगळीएवढी धार आली, त्याहून जास्त नाही. पंप त्याला पुरून उरला. बारा, चार, आठ. पाऊण तासात काम झालं. त्या रात्री पंप एकदाही चालला नाही. आम्ही दोघं नुसते त्याचा आवाज न येणं ऐकत जागे होतो.

हे सगळं जूनमध्ये किती उपयोगी पडणार आहे, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. जूनमध्ये माझ्या सासूबाई, दीर, जाऊबाई आणि दोन मुलं नाशिकहून आमच्याकडे आली, दहा दिवसांसाठी. सासूबाई पंच्याहत्तरीच्या. मुलाचं पाण्यावरचं घर डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा हट्ट होता. वर्षभर मी काही ना काही कारण काढून त्यांचं येणं पुढे ढकललं होतं. घरात पाणी शिरतंय, पंप रात्रभर घरघरतोय, अशा ठिकाणी सासूला कुठे निजवायचं? तुमच्या दोरीनंतर मीच फोन करून त्यांना या म्हणाले.

सात माणसं त्या बोळात. टेबल पाडून त्याचा पलंग, मुलं जमिनीवर, आंघोळ दोन तांब्यांत. संडासाच्या टाकीची फेरी एरवी तीन दिवसांनी, ती रोज झाली. दोन शेगड्यांवर सासूबाईंनी सत्तावीस पोळ्या लाटल्या आणि वर म्हणाल्या, की यापेक्षा अरुंद खोलीत त्यांनी संसार काढला आहे. त्यांचा एकच प्रश्न होता, जो गोदाकाठच्या कुणालाही पडेल: पाणी चढलं तर? त्यांच्या डोळ्यांपुढे गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलेलं पाणी. मी त्यांना काठावरचा सांडवा दाखवला, जास्तीचं पाणी तिथून निघून जातं. त्या रोज सकाळी तिथवर चालत जाऊन बघून यायच्या.

स्टोक ब्रुर्न नावाच्या गावाशी सात लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी दरवाजे असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, बोट वर उचलली जाते. जाऊबाईंनी आणि मुलांनी त्या दरवाजांच्या लाकडी तुळयांना पाठ लावून सातही लॉकची दारं ढकलली. वर पोचलो आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. दुसऱ्या दिवशी पुढे ब्लिसवर्थचा बोगदा, जवळजवळ 2.8 किलोमीटर, आत चालायला काठसुद्धा नाही. आणि त्यानंतर दोन दिवसांत पाहुण्यांचं विमान.

तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते, अजून लख्ख उजेड. नाशिकला साडेअकरा झालेत हे मला फोन लावल्यावर सुचलं. तुम्ही झोपेतून उचललात. मी माफी मागायला लागले, तर म्हणालात, "ते राहू दे. बंद पडताना धूर कुठला होता?" धूर नव्हता. "मग तेल मिळत नाही त्याला." इंजिन लिस्टरचं आहे हे तुम्हाला डिसेंबरपासून लक्षात होतं. लहानपणी तुमच्या गावच्या पिठाच्या गिरणीवर राजकोटचं लिस्टर टाईप इंजिन होतं, ते तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं. आमचं त्याहून वेगळं, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. तुम्हाला फरक पडला नाही. फिल्टर उघडायला लावलात, आत काळा बुळबुळीत गाळ. "टाकीत पाणी आहे. थंडीत टाकी अर्धी ठेवली होती ना? रिकाम्या जागेला घाम धरतो, तो खाली उतरतो, त्यात शेवाळासारखं धरतं." टाकीच्या तळाचा नळ सोडून आधी पाणी, मग गढूळ, मग स्वच्छ डिझेल येईस्तोवर थांबलो. नवा फिल्टर होता. मग हवा काढणं. स्क्रू अर्धा फेरा ढिला, हाताने पंप मार, फेस येतोय तोवर आवळू नको. फेस संपला. दुसरा स्क्रू. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला होतात आणि सासूबाई माझ्यामागे टॉर्च धरून उभ्या होत्या.

इंजिन धरलं तेव्हा तुम्ही लगेच फोन ठेवला नाहीत. पाच मिनिटं नुसतं ऐकत होतात. मग म्हणालात, "दोन्ही मारतायत. जा आता, पाहुण्यांना जेवायला वाढ."

दुसऱ्या दिवशी आम्ही बोगदा पार केला. वरच्या धुराड्यांतून पाणी अंगावर पडत होतं, मुलं किंचाळत होती, आणि सासूबाईंनी शेवटच्या उजेडापर्यंत रामरक्षा म्हटली. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "काल रात्री फोनवर कोण होते?" मी तुमचं नाव सांगितलं. त्या आता नाशिकमध्ये भेटेल त्याला तेच सांगत असतात.

तात्या, पाहुण्यांना हॉटेलात पाठवायची वेळ तुम्ही माझ्यावर येऊ दिली नाहीत. माझ्या माणसांना माझ्या घराचं दार उघडं राहिलं ते तुमच्यामुळे. हंगामात तुमचा तास म्हणजे काय असतो, ते मी दारातल्या रांगेत पाहिलं आहे. त्या शेतकऱ्यांचेही आभार. त्या तीन सकाळी त्यांच्यातल्या एकानेही, ही बाई मधेच कोण, असं विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात परत निघते आहे. या वर्षी दोरी फिरून बदलायची आहे. काल बाजारातून घेतली, दोन सूत, आणि घरी बसून सहा कड्या कापल्या. तीन माझ्याबरोबर नेते. दोन जादाच्या. सहावी या पत्रासोबत नातीच्या हाती देते आहे. जोड बघा, आणि काय म्हणालात ते तिच्याकडून कळवा.

तुमची,
पंचवटीची लेक