रात्री सायकली कुठे, असं विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुम्हाला एकट्यालाच पाठवायचं होतं. पण सायकली नेण्यासाठी आणि अधूनमधून आत झोपण्यासाठी छोटी व्हॅन शोधणारे माझ्यासारखे आणखीही असतील, म्हणून उघडच लिहिते. तुमचं नाव घालत नाही. ते तुम्हाला आवडायचं नाही, हे मला माहीत आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात यादी होती. सिट्रोएन बर्लिंगो, रेनॉ कांगू, फोक्सवॅगन कॅडी आणि शिवाय एक मोठी व्हॅन, 'असू दे' म्हणून. यातली कुठली घेऊ, एवढंच तुम्ही सांगावं अशी माझी अपेक्षा. तुम्ही यादीकडे पाहिलंही नाहीत. "रात्री सायकली कुठे?" एवढंच विचारलंत.

मला प्रश्नच कळला नाही. दिवसा गाडीत सायकली, रात्री गाडीत आम्ही. त्यात काय विचारायचं?

"जागा एकच आहे ना," तुम्ही म्हणालात आणि उठून मास्किंग टेप घेऊन आलात.

मग तुमच्या बैठकीतल्या फरशीवर जे झालं, त्यासाठी हे सगळं पत्र. खुर्च्या सरकवून तुम्ही फरशीवर व्हॅन आखलीत. लांबी १.८२ मीटर, म्हणजे नव्या, २०१८ नंतरच्या छोट्या बर्लिंगोच्या मालाच्या भागाएवढी. दोन बाजूंना चाकांच्या कमानी. त्यांच्यामधलं अंतर सव्वा मीटरच्या आतबाहेर, कारण माल रचायचं १२० बाय ८० सेंटीमीटरचं लाकडी पॅलेट त्यात बसावं म्हणूनच या गाड्या तशा बनवतात. मग म्हणालात, "झोप." मी झोपले. डोकं एका पट्टीला, टाचा दुसऱ्या पट्टीच्या बाहेर. माझ्या नवऱ्याला बोलावलंत. तो माझ्याहून उंच, त्याची पावलं पार सोफ्याखाली गेली. तुम्ही हसला नाहीत, हे विशेष.

मग लांब आवृत्ती आखलीत, २.१७ मीटर. बाहेरून गाडी फक्त ३५ सेंटीमीटर वाढते, ४.४० ची ४.७५ मीटर होते, पण आत माणूस सरळ झोपतो. छोट्या गाडीतही पुढच्या सीट सरकवून मधल्या पोकळीवर फळी टाकता येते, हे तुम्ही सांगितलंत. पण रोज रात्री दमून आल्यावर ती फळी कोण बसवणार, हेही त्याच दमात विचारलंत.

त्यानंतर माझी सायकल आत आणायला लावलीत. टायरला चिखल होता, तरी. हँडल ७६ सेंटीमीटर रुंद, म्हणजे सरळ उभी ठेवली तर निम्म्याहून जास्त रुंदी एकटीनेच खाते. पुढचं चाक काढून हँडल वळवलं की तीच सायकल साधारण ३५ सेंटीमीटरमध्ये भिंतीला चिकटते. दुसरी तिच्या शेजारी उलट्या तोंडाने, म्हणजे हँडलला हँडल अडत नाही. उरलेल्या जागेत एक अरुंद मॅट जेमतेम. म्हणजे एकटी असले तर दोन्ही सायकलींसह झोपता येईल. दोघं असलो तर सायकली बाहेर. तो निर्णय फरशीवर पाच मिनिटांत झाला. गाडी घेतल्यावर झाला असता तर आमच्यात भांडण झालं असतं, हे नक्की.

मोठ्या व्हॅनचा हट्ट तुम्ही फार वाद न घालता सोडवलात. वर्षातून किती रात्री झोपणार, विचारलंत. दहा-बारा, मी म्हणाले. बाकीचे दिवस तीच गाडी पार्किंगमध्ये घालायची, वळवायची, पेट्रोल पाजायची. छोट्या व्हॅनची उंची साधारण १.८ ते १.९ मीटर, त्यामुळे पार्किंगच्या तोंडाशी २ मीटर उंचीवर दांडा असला तरी त्याखालून ती निघते. मोठ्या व्हॅनला तिथे घाम फुटतो. मला हे आवडलं नव्हतं तेव्हा. उभं राहून कपडे बदलता येतील असं स्वप्न होतं माझं. ते सोडलं.

एक गोष्ट तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हती. प्यूजो पार्टनर, ओपेल कॉम्बो, टोयोटा प्रोएस सिटी आणि बर्लिंगो या अलीकडच्या पिढीत एकाच साच्यातल्या गाड्या आहेत. जुनी घ्यायची तर चारही नावांनी शोध, म्हणजे पर्याय चौपट. आम्हाला गाडी मिळाली ती तशीच, दुसऱ्याच नावाखाली.

ती बघायला तुम्ही बरोबर आलात. इंजिनचं तुम्ही पाहिलंत, मला त्यातलं काही कळत नाही, लिहीत नाही. पण तुम्ही मागचं प्लायवुड उचकटून खालचा पत्रा बघितलात. कारागिराची गाडी होती, ओल्या सामानाखाली गंज धरलेला असतो म्हणे. तिथे नव्हता. मग सरकता दरवाजा दहा-बारा वेळा उघडून मिटून बघितलात, रुळावर तो कुठे अडखळतो का ते ऐकत. मालक वैतागला होता. मी तुमच्यामागे लपले होते.

डिकीचंही तसंच. मागे दोन बाजूंना उघडणारी दारं हवीत असं माझं म्हणणं, ती दिसायला छान. तुम्ही म्हणालात, वर उघडणारी डिकी घे, पाऊस आला की तेच छप्पर. पहिल्याच फेरीत ते पटलं. भर पावसात तिच्याखाली बसून मी ओले मोजे काढले आणि चहासाठी स्टोव्ह बाहेर, तिच्या आडोशाला पेटवला. बंद गाडीत तो कधीही पेटवायचा नाही, हे तुम्ही तीनदा बजावलं होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे तुमचं वाक्य मी तिथे बसून स्वतःलाच ऐकवलं.

पहिल्या रात्रीचा प्रताप मात्र माझाच. थंडी म्हणून सगळ्या काचा गच्च लावून झोपलो. पहाटे पत्र्याला दव धरलेलं, छतावरून थेंब नवऱ्याच्या कपाळावर. दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर बसणार, दुसरं काय होणार? आता दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवतो, वर पाऊस अडवणारी पट्टी. काचांच्या मापाचे चंदेरी पडदे कापून घेतले आहेत, रात्री गारठा अडतो आणि सकाळी ऊन.

आणि त्या पहिल्या फेरीत सायकली कशा ठेवल्या? घाईत. माझ्या सायकलीचा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, दुसरीच्या पेडलखाली आला आणि त्याला धरणारा हँगर वाकला. आता सायकली ठेवतो त्या चेनची बाजू एकमेकींकडे न करता, मध्ये जाड चादर घालून. चाक काढलं की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घालायचा, नाहीतर कुणी चुकून लिव्हर दाबला की पॅड मिटतात आणि चाक परत बसत नाही. हे तुमच्याकडून शिकले. फॉर्क, म्हणजे पुढचं चाक बसतो तो दुहेरी दांडा, धरणारे दोन क्लॅम्प फळीवर बसवलेत, ती फळी गाडीच्या तळातल्या कड्यांना पट्ट्याने आवळते. सुटी सायकल आपटली तर पुढे बसलेल्याचं काय होईल, हे तुम्ही दोनच शब्दांत सांगितलं होतं, ते इथे लिहीत नाही.

रात्री सायकली बाहेर, टो-बारला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या दांड्याला, साखळी घालून, वर ताडपत्री. आम्ही आत, डोकं चढाच्या बाजूला. पहिल्यांदा डोकं उताराच्या बाजूला घेतलं होतं, तेव्हा सकाळी चेहरा असा सुजला की फोटो काढू दिला नाही.

दादा, तुमच्या फरशीवरची टेप मी काढायला बसले होते तेव्हा तुम्ही राहू दे म्हणालात. परवा वहिनींचा फोन आला, कपाटाजवळची एक पट्टी अजून निघत नाही, चिकटा राहिलाय. येत्या रविवारी येते. रॉकेल घेऊन येऊ की खोबरेल, तेवढं वहिनींना विचारून कळवा.

तुमची
सायकलवाली