रिमोटच्या गाड्या आणि कच्चे जोड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिमोटवर पळणाऱ्या मोठ्या, वेगवान गाड्यांचे वेड आमच्या चिंचवड भागातल्या मुलांना चांगलेच लागले आहे. छंद उत्तम आहे, मुले त्यापायी मोबाइल खाली ठेवतात. पण या गाड्यांच्या बॅटऱ्या ज्या तऱ्हेने जोडून दिल्या जातात, ते पाहून हे पत्र लिहीत आहे. मी भोसरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) असेंब्लीच्या लाइनवरून निवृत्त झाले. सोल्डरिंगवरच, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने जोड पक्के करण्यावरच, आमचे घर चालले.

गाडीला पिवळा एक्सटी-६० कनेक्टर आणि नव्या बॅटरीला लाल टी-आकाराचा डीन्स कनेक्टर, म्हणजे एकमेकांत न बसणारे, असे नेहमीच होते. माझ्या नातवाला दुकानातून मिळालेल्या बॅटरीचा मूळ कनेक्टर कापून तिथे तयार वायरचा दुसरा कनेक्टर नुसता पीळ देऊन जोडला होता, वर काळी टेप. "चालतंय ना, मग झालं," असे त्याला सांगण्यात आले.

चालते, हे खरे. ७.४ व्होल्टची बॅटरी, हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणून पालकांनाही ती खेळण्यातली वाटते. पण ही लिथियम पॉलिमर बॅटरी आहे. जोरात गाडी सुटताना क्षणभर ५०-६० अँपिअरही प्रवाह जाऊ शकतो. जोडाचा रोध फक्त ५ मिलिओहम धरला तरी ६० अँपिअरला त्या एका जागी १८ वॅट उष्णता तयार होते. छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटची असते! टेप मऊ पडून सुटली आणि लाल-काळी तार एकमेकींना टेकली, तर शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि बॅटरी पेट घेऊ शकते.

म्हणून मी नातवाला आणि सोसायटीतल्या त्याच्या मित्रमैत्रिणींना सोल्डरिंग शिकवायला घेतले. बॅटरीला कोणी हात लावायचा नाही, आधी वायरचे तुकडे आणि सुटे कनेक्टर, हा पहिला नियम. तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात.

मुलांची गाडी अडते ती उष्णतेपाशी. पीसीबीवरच्या सुट्या भागाचा बारीक पाय २५ वॅटच्या आयर्नवर पटकन सोल्डर धरतो. एक्सटी-६०ची पितळी वाटी आणि १२ गेजची जाड सिलिकॉन वायर यांच्यात धातू एवढा असतो, की टोकदार बिट (आयर्नचे तापणारे टोक) टेकवली की तीच थंड पडते. मग मुले तिथेच मिनिटभर दाबून धरतात, तोवर आतले नायलॉन मऊ होऊन पिन वाकडी होते. इथे ६० वॅटची आयर्न आणि चपटी, रुंद बिट हवी. जोडीचा दुसरा कनेक्टर आधीच खोचून ठेवावा, म्हणजे पिना जागेवर राहतात. वायरवर आणि वाटीत सोल्डर वेगवेगळे भरून घ्यायचे. मग वाटी तापवून आतले सोल्डर पातळ झाले की वायर आत सोडायची, बिट काढायची आणि हात हलू द्यायचा नाही. सोल्डर गोठताना त्याची चकाकी एका क्षणात बदलते, ती नजरेने टिपायला मुले फार लवकर शिकतात. ६०/४० सोल्डरचा (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) चांगला जोड चकचकीत दिसतो, दाणेदार आणि मळकट दिसला तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, समजावे. (शिसेविरहित सोल्डर मुळातच थोडे मंद दिसते, त्याला हा निकष लावू नये.) हीटश्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी) आधी वायरवर चढवलेली असली पाहिजे. नळजोडणीची आम्लयुक्त पेस्ट इथे अजिबात नको. राळेचा फ्लक्सच (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात तो) वापरावा.

मुलांचे जोड ओढूनही सुटेनासे झाले, तेव्हाच बॅटरी टेबलावर आली. दोन्ही तारा एकदम कापायच्या नाहीत: कात्रीचे पातेच शॉर्ट करते. एक तार कापायची, सोल्डर करायची, स्लीव्ह चढवून आकसवायची आणि मगच दुसरीला हात. कनेक्टरवर छापलेली + आणि − ही चिन्हे मोठ्याने वाचायला लावते मी. बॅटरीकडे मादी कनेक्टर, म्हणजे उघडा धातू बाहेर राहत नाही. ६०/४० मध्ये ४० टक्के शिसे असते, म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, टेबलावर खाऊ नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुणे. या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही.

आमच्या लाइनवर बहुतेक बायकाच होत्या. तरी आज शिकायला मुलगे आपणहून येतात आणि मुलींना बोलावून आणावे लागते. पालकांनी मुलींनाही पाठवावे, ही कळकळीची विनंती.

आणि शाळांना एक सांगणे आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब (हाताने वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळा) पुष्कळ शाळांत आहेत. आमच्या भागातल्या एका शाळेत तिथली सोल्डरिंग स्टेशने मुलांना भाजेल म्हणून कपाटात बंद आहेत. भाजण्याची भीती खोटी नाही, पण स्टँड, चष्मा आणि एका वेळी चार-पाच मुलांवर लक्ष ठेवणारे मोठे माणूस एवढ्याने ती आटोक्यात येते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे सांगितले आहे. त्यात सुतार आणि कुंभार यांच्याबरोबर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे आणि आमच्यासारखे निवृत्त कामगारही बोलवावेत. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा माणसांचा तुटवडा नाही. दुकानदारांनीही बॅटरी विकण्यापूर्वी गाडीचा कनेक्टर विचारावा, आणि बदलून द्यायचा असेल तर सोल्डर करूनच द्यावा.

— एक निवृत्त कामगार आजी, चिंचवड, पुणे