ग्रुप काहून सोडला, त्याचं उत्तर

प्रिय आई, बाबा,

आई, परवा तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये होती. तू तीनदा विचारलं, काहून सोडला आपला घरचा ग्रुप, कोणी काही बोललं का, आणि मी नेटवर्क नाही नेटवर्क नाही करत फोन ठेवून दिला. नेटवर्क चांगलं होतं. बोलली असती तर रडली असती नाहीतर भांडली असती, आणि मागून बाबा म्हणाले असते "जाऊ दे ना, एवढं काय त्याच्यात", आणि मग तर भांडलीच असती. म्हणून लिहून राहिली. बाबांना चष्मा लावून स्वतः वाचायला सांग, तू वाचून दाखवू नको, तुला जे नको असते ते तू गाळून टाकते.

तर झालं असं की मॅच हरलो त्या रात्री मामांनी तो विकलेला-गद्दारवाला मेसेज टाकला. बाबा, तुम्ही वाचला, कोणी कोणी वाचला त्या यादीत तुमचं नाव होतं. तो मेसेज नवीन नाही हो. 2021 मध्ये हाच आला होता, तेव्हा त्यात बॉलर मोहम्मद शमीचं नाव होतं, आता मोहम्मद सिराजचं टाकलंय, शुद्धलेखनाच्या चुका पण त्याच. कोणीतरी पाच वर्षं जपून ठेवला असेल, लग्नाच्या आहेरातली साडी ठेवतात तसा, कामात येईल म्हणून.

त्या वेळचं आठवा ना. 24 ऑक्टोबर 2021, दुबई, टी-20 वर्ल्ड कप, मी दिवाळीच्या आधी घरी आली होती, तुम्ही सोफ्यावर आणि आई शेवेचं पीठ भिजवून राहिली होती. आपले 151, आणि पाकिस्तानने एकही विकेट न गमावता काढले ते. एकही नाही! म्हणजे आपल्या एकाही बॉलरला विकेट मिळाली नाही, बुमराला नाही, जडेजाला नाही, कोणालाच नाही. शमीने 3.5 ओव्हरमध्ये 43 दिले, खराबच टाकलं, त्यात वाद नाही, तुम्ही स्वतः म्हणत होते की लेंथच सापडून नाही राहिली याला. ही झाली क्रिकेटची गोष्ट, तुम्ही करता ती. पण सकाळी उठून पाहते तर सगळ्यांना सोडून एकाच माणसाला विकलेला, गद्दार, तिकडे जा. आणि कारण लेंथ नव्हतं.

मग आठवडाभरात न्यूझीलंडच्या मॅचच्या आदल्या दिवशी विराट कोहली प्रेस कॉन्फरन्समध्ये बोलला. तुम्हाला कोहली तसाही आवडत नाही, फार उड्या मारतो म्हणून, पण त्या दिवशी तो उड्या न मारता बोलला. कोणाच्या धर्मावरून त्याच्यावर तुटून पडणं ही माणूस करू शकतो त्यातली सगळ्यात केविलवाणी गोष्ट आहे, आणि आम्ही शमीच्या मागे दोनशे टक्के उभे आहोत, असं तो म्हणाला. कॅप्टन होता तो तेव्हा, एक मॅच हरलेला, दुसरी डोक्यावर, गप्प राहिला असता तर कोणी विचारलंही नसतं. आणि त्याचं फळ काय मिळालं, तर त्याच्या वर्षाच्याही न झालेल्या पोरीला धमकी. तुम्ही पेपर वाचून म्हटलं होतं, "बाप्पा, लेकरालाही सोडत नाही." हैदराबादच्या एका पोट्ट्याला पकडलं मुंबई पोलिसांनी त्याच्यासाठी.

मी हे काहून सांगून राहिली? कारण आपण घरात सगळं बरोबर बोलतो. सोफ्यावर बसून, स्वयंपाकघरात, जेवताना. ग्रुपवर तोंड शिवलेलं.

आई, तुझंच घे. 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये भालाफेकीत नीरज चोप्राला सिल्व्हर मिळालं आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 92.97 मीटर फेकून गोल्ड नेलं, तेव्हा नीरजच्या आईने साधं म्हटलं की ज्याला गोल्ड मिळालं तोही आपलाच पोरगा आहे. तू तो व्हिडिओ मला चार वेळा पाठवला. डोळे पुसत फोन केला, "पाय किती बाई मोठ्या मनाची." आणि 2025 मध्ये पहलगाम झाल्यावर लोकांनी त्याच बाईला त्याच वाक्यावरून शिव्या घातल्या, नीरजने अर्शदला आपल्या स्पर्धेला बोलावलं होतं म्हणून. बोलावणं हल्ल्याच्या आधीच गेलं होतं, हे नीरजला स्वतः लिहून सांगावं लागलं. त्याने हेही लिहिलं की वर्षभरापूर्वी आईच्या साधेपणाचं कौतुक करणारेच आज तिला बोलून राहिले. ग्रुपवर काकूंनी नीरजला काय काय म्हटलं ते तू वाचलं. मला फोनवर म्हणाली, "बिचारीने काय वाईट म्हटलं होतं गं?" हे एवढंच वाक्य आई, एवढंच, ग्रुपवर टाकायचं होतं. तू काय टाकलं? शुभ सकाळ, गुलाबाचं फूल.

रागावू नको. मी पण काही शूर नाही. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात 2022 मध्ये पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून कॅच सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकजण त्याला खलिस्तानी म्हणून हसला आणि बाकीचे हसले आणि मीही हसली, म्हणजे खरं हसू नव्हतं ते, तोंड तसं झालं. आमच्या टीममध्ये एक सरदार पोरगा होता, तो त्या दिवशी डबा खायला आमच्यात बसला नाही. त्यानंतरही दोन-तीन दिवस नाही. मी कधी त्याला सॉरी म्हटलं नाही, काय म्हणायचं तेच कळलं नाही, मग त्याने कंपनी बदलली. हरभजन तेव्हा उघड बोलला होता की पोराला सोडा, मुद्दाम कोणी कॅच सोडत नाही. तो टीव्हीवर दिसला की मला तो डबा आठवते.

पण बाबा, खरी गोष्ट शमीची नाही आणि अर्शदीपचीही नाही. खरी गोष्ट वसीम जाफरची आहे, आणि ती मी तुम्हाला कधी बोलली नाही.

1 जानेवारी 2018. इंदूर. तुम्ही मला दुपारी फोन केला आणि काही बोललेच नाही, नुसता श्वास. मला वाटलं आईला काही झालं. मग म्हणाले, "पोरी, आपण रणजी जिंकलो." साठ वर्षं विदर्भ रणजी खेळून राहिला आणि फायनलही कधी पाहिली नव्हती, मोठ्या टीम यायच्या, धुवून जायच्या, तुम्ही सिव्हिल लाइन्सच्या ग्राउंडवर डबा घेऊन जायचे आणि हरून यायचे. त्या टीमचा कॅप्टन फैज फजल, आपल्या नागपूरचा. गुरबानीची हॅट्‌ट्रिक. आणि शेवटी नाबाद उभा जाफर, चाळिशीला आलेला, मुंबईचा असून आपल्यासाठी खेळणारा. तुम्ही म्हणाले होते, "आपला जाफर होता म्हणून झालं." आपला. मग मार्चमध्ये जामठ्याच्या स्टेडियमवर इराणी कपची मॅच, त्यात त्याच्या 286, विदर्भाच्या 800, तुम्ही रजा टाकून गेले आणि मान काळी करून आले, टोपी घरीच विसरली होती. पुढच्या वर्षी पुन्हा रणजी, पुन्हा जाफर, हजारावर रन.

आणि मग फेब्रुवारी 2021. जाफर उत्तराखंडचा कोच होता, निवडीत लुडबुड होते म्हणून त्याने राजीनामा दिला, आणि मागून संघटनेच्या लोकांकडून बातमी आली की तो टीममध्ये धर्म आणत होता. त्याने समोर बसून एकेक आरोप खोडला, म्हटलं की मी तसा असतो तर मी राजीनामा कशाला दिला असता, तुम्हीच मला काढलं असतं. कुंबळे त्याच्या बाजूने उभा राहिला, म्हटलं वसीम, तू बरोबर केलं. इरफान पठाण बोलला, अजून एक-दोघं. बाकी ज्यांच्यासोबत तो आयुष्यभर ड्रेसिंग रूममध्ये बसला त्यातले कितीतरी मोठे मोठे लोक गप्प. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

आणि त्याच रात्री ग्रुपवर मामांनी लिहिलं, "शेवटी असेच असतात हे." खाली तीन अंगठे. एक अंगठा तुमचा होता बाबा.

मला माहीत आहे तुम्ही वाचून न वाचून दाबला असेल. तुम्ही सगळ्यालाच अंगठा दाबता, वाढदिवसाला पण आणि निधनाला पण. पण मी तो स्क्रीन पाहून राहिली होती आणि मला "आपला जाफर" ऐकू येत होतं. जर्मनीचा मेसुत ओझिल 2018 मध्ये टीम सोडताना म्हणाला होता, जिंकलो की मी जर्मन, हरलो की बाहेरून आलेला. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तिकडचं युरोपातलं. तेच आपल्या हॉलमध्ये होतं. आणि मला थोडं कळते हो हे, मी इथे बारा वर्षांपासून "तुमच्या तिकडे विदर्भात" ऐकून राहिली, काम चांगलं झालं की आपली, चुकलं की तिकडची. माझं फार झालं तर अप्रेझल जाते. शमी तर दोन्हीकडून शिव्या खातो. 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये सात मॅचमध्ये 24 विकेट घेतल्या तेव्हा सगळ्यांचा लाडका, आणि 2025 च्या मार्चमध्ये दुबईला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या सेमीफायनलच्या उन्हात एनर्जी ड्रिंक प्यायला तर एक मौलाना म्हणतो रोजा मोडला, पाप केलं. त्याच्या बाजूने ओव्हर टाकायला यापैकी कोणी येणार आहे का?

एक मजा सांगते, तुम्ही हसाल. 2025 च्या फेब्रुवारीत जामठ्याला केरळविरुद्ध रणजी फायनल चालू होती, दानिश मालेवारने 153 मारले. मामांनी ग्रुपवर लिहिलं, "हा दानिश कोण आणला आता?" मी लिहिलं, मामा, मालेवार आडनाव आहे, आपल्या नागपूरचा पोट्टा. पाच मिनिटांनी मामांचा मेसेज, "वा! शाबास वाघा!!" तेच 153 होते. कोच उस्मान गनी होते त्या टीमचे, ते काही मामांना कोणी सांगितलं नाही, मीही नाही, म्हटलं बीपी वाढेल.

2 मार्चला जिंकलो आपण. आणि 17 मार्चला आपल्या नागपूरच्या महाल भागात दगडफेक, गाड्या जळल्या, कर्फ्यू, तुम्ही दूध आणायला खाली उतरले नाही म्हणून आईने पावडरचा चहा केला. पंधरा दिवस. मी पुण्यात बसून नुसती फोन लावून राहिली होती. ग्रुपवर त्या रात्री जे आलं त्यातलं अर्धं खोटं निघालं आणि ते टाकणाऱ्यांमध्ये एकानेही नंतर चुकलं म्हटलं नाही. मी तेव्हाच सोडायला पाहिजे होता ग्रुप.

बाबा, मी तुम्हाला प्रेस कॉन्फरन्स घ्या म्हणून नाही सांगत. तुम्ही अ‍ॅडमिन आहे, मामा तुमचे साले आहेत, तुमचं ऐकतात, निदान घाबरतात तरी. तुम्ही फक्त लिहायचं, "बॉलिंगवर बोला." दोन शब्द. वाटलं तर खाली तुमचं ते हात जोडलेलं टाका. तुम्हीच मला शिकवलं ना, मुंबईच्या बॅट्समनने आपल्या बॉलरला सुंदर कव्हर ड्राइव्ह मारला की टाळी वाजवायची, मी रुसली होती, मी आठ वर्षांची होती, तुम्ही म्हटलं होतं शॉट पाय ना, टोपी कोणाची आहे ते काय पाहते. त्याच ग्राउंडवर बसून म्हटलं होतं, संत्र्याच्या फोडी सोलून देताना.

ग्रुपमध्ये परत घ्यायचं ते तुम्ही ठरवा. लिंक पाठवली तर येईन.

बाकी ठीक. आई, गुडघ्याचा एक्सरे काढला का? नुसतं तेल चोळत बसू नको. रणजीचं टाइमटेबल पाहून ठेवा, जामठ्याची एखादी मॅच असेल तेव्हाचंच तिकीट काढते, मेट्रोने खापरीपर्यंत जाऊ, तिथून ऑटो, तुमची ती स्कूटर नको बाबा. आणि मागच्या वेळी लोखंडी कपाटात चादर शोधताना पाहिलं, दाराच्या आतून तुम्ही 2018 चं ते पेपरचं कात्रण अजून लावून ठेवलं आहे, सगळी टीम ट्रॉफी घेऊन. त्याचा एक कोपरा सुटलाय आणि नेमका लोंबून राहिला. आईला म्हणा झाडताना ओढू नको. मी आली की फेविकॉल लावते.

तुमची,
बबली