बाप्तिस्मा दुसऱ्यांदा घेण्याविषयी आई-बाबांना

विश्रामबाग, सांगली

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. घराजवळच्या फेलोशिपमधील, म्हणजे त्या प्रार्थनामंडळातील, बंधूंनी तुम्हां दोघांना सांगितले की तान्हेपणी डोक्यावर शिंपडलेले पाणी हा बाप्तिस्माच नव्हे, स्वतः विश्वास धरून आणि पाण्यात बुडून घेतलेला तोच खरा; आणि गेल्या महिन्यात त्यांच्याकडे प्रभुभोजनाचे ताट आईला न देता तसेच पुढे गेले, हे वाचून मला फार वाईट वाटले. आता साताऱ्याजवळच्या माहुलीला जाऊन कृष्णेच्या पात्रात पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा काय, असे तुम्ही मला विचारले आहे. ज्यांनी मला शास्त्र वाचायला शिकवले त्यांनीच शास्त्राचा प्रश्न मला विचारावा, याचे दडपण आहे; म्हणून उत्तर आधी स्पष्ट सांगते आणि कारणे मागाहून लिहिते. घेऊ नये. तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि तो तुम्हांला आठवत नाही एवढ्यावरून तो उणा ठरत नाही.

त्या बंधूंविषयी माझ्या मनात कटुता नाही. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी येईपर्यंत दोन्ही वेळचे डबे त्यांच्याच घरून येत होते, हे मी विसरणार नाही. शिवाय त्यांचे मत हलके नाही. ज्या लोकांकडून ते मत आले त्यांनी त्यासाठी प्राण दिले आहेत. झुरिकमध्ये २१ जानेवारी १५२५ रोजी फेलिक्स मान्त्स यांच्या घरी जमलेल्या मूठभर विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला, आणि दोन वर्षे होण्याआधीच त्या मान्त्स यांना तिथल्या सरकारने लिम्मात नदीत बुडवून मारले. तो अन्याय करणारे बालकांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूचे, म्हणजे आपल्या बाजूचे होते. त्यामुळे या वादात आपण नम्रतेनेच बोलले पाहिजे.

त्यांचे म्हणणे मला समजते तसे मांडते. बायबलच्या नव्या करारात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्या अशी आज्ञा कोठेही नाही. जिथे बाप्तिस्म्याची हकिकत सविस्तर आली आहे तिथे माणूस आधी ऐकतो, विश्वास ठेवतो आणि मग पाण्यात उतरतो. फिलिप्पाने रथातल्या हबशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा दिला तो असाच. मात्र त्यांचा सर्वांत भक्कम आधार यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३१ व्या अध्यायात आहे. तिथे देव सांगतो की त्याचा आपल्या लोकांशी होणारा नवा करार जुन्यासारखा असणार नाही, नियमशास्त्र अंतःकरणावर लिहिले जाईल आणि लहानापासून थोरापर्यंत सर्व जण मला ओळखतील. तेव्हा जो देवाला ओळखतो तोच नव्या कराराचा सभासद, आणि ज्याला अजून ओळख नाही त्याला त्या कराराची खूण देणे म्हणजे खोटी साक्ष देणे, असे ते म्हणतात. बाबा, हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, आणि आपल्याकडचे पुष्कळ जण त्याला उत्तर न देता नुसते ‘आपली रीत आहे’ म्हणून मोकळे होतात. ते पुरेसे नाही.

माझ्या मते हा वाद पाण्याचाही नाही आणि वयाचाही नाही. देव जेव्हा एखाद्या माणसाशी करार करतो तेव्हा त्याची लेकरे आत असतात की बाहेर, एवढाच प्रश्न आहे. उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा आहे, इश्माएल तेरा वर्षांचा आहे, आणि पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाची आठव्या दिवशी सुंता करण्याची आज्ञा आहे. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो की अब्राहामाला सुंता ही त्याच्या विश्वासाच्या नीतिमत्त्वाचा शिक्का म्हणून मिळाली. म्हणजे खूण विश्वासाचीच होती. अब्राहामाला ती विश्वास ठेवल्यानंतर मिळाली, आणि त्याचा मुलगा इसहाक याला विश्वास म्हणजे काय हे कळण्याआधी मिळाली. विश्वासाची खूण अजाण बालकाला देणे हीच जर खोटी साक्ष असेल, तर तो दोष प्रत्यक्ष देवाच्या आज्ञेवर जातो, आणि असे म्हणायला ते बंधूही धजणार नाहीत.

आई, तू नेहमी विचारतेस की मग आपल्या पणजोबांचा बाप्तिस्मा मोठेपणीच का झाला. ते पहिल्या पिढीतले होते, अब्राहामाच्या जागी होते. प्रेषितांच्या कृत्यांत आपल्याला जवळजवळ सर्वत्र पहिलीच पिढी दिसते, म्हणून तिथे प्रौढांचे बाप्तिस्मे दिसतात, आणि आपण हे कबूल करण्यात कमीपणा नाही. वाद खरा सुरू होतो तो इसहाकापाशी. आणि त्या पहिल्या पिढीतही लुदियेचा बाप्तिस्मा घराण्यासह झाला, फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाचा घरच्यांसह झाला, करिंथात स्तेफनाच्या घरच्यांचा पौलाने स्वतः केला. त्या घरांत तान्ही मुले होती असे मी सिद्ध करू शकत नाही. पण घर हा एकक देवाने मोडलेला नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्याबरोबर लहानग्या मनोरमेचाही झाला. आईने स्वतः शोध घेऊन पाऊल टाकले, आणि लेक आईच्या कडेवरून आत आली.

प्रेषित पेत्राने पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत जमलेल्या यहूदी लोकांना सांगितले की हे अभिवचन तुम्हांला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. त्याच वाक्यात पुढे ‘प्रभू ज्यांना बोलावील त्यांना’ असे आहे, याकडे ते बंधू बोट दाखवतात, आणि ते बरोबरच दाखवतात. बोलावणे देवाचेच आहे. परंतु ऐकणाऱ्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले करारात धरली होती. त्या दिवसापासून ती बाहेर काढली गेली असती, तर केवढा गदारोळ उठला असता! परराष्ट्रीयांची सुंता करावी की नाही यावर यरुशलेमेत सभा भरली, त्याचा वृत्तांत प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात आहे. मुलांना करारातून वगळल्याबद्दल मात्र एकाही आईने तक्रार केल्याचे नव्या करारात नाही. उलट पौल करिंथकरांस लिहितो की आईबापांपैकी एक जरी विश्वासणारा असला तरी मुले पवित्र आहेत.

आता यिर्मया. बाबा, ३१ वा अध्याय त्यांनी वाचून दाखवला असेल. तुम्ही त्यांना पुढचा, ३२ वा अध्याय वाचायला सांगा. त्याच संदेष्ट्याच्या मुखाने, त्याच सार्वकालिक कराराविषयी देव तिथे ३९ व्या वचनात म्हणतो की त्यांचे व त्यांच्यामागे त्यांच्या मुलांचे कल्याण व्हावे म्हणून मी त्यांना एकच हृदय देईन. नवा करार अंतःकरणावर लिहिलेला आहे, पण म्हणून तो लेकरांना विसरलेला नाही. अर्थात करारात असणे आणि तारण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपला ज्येष्ठत्वाचा हक्क तुच्छ लेखणाऱ्या एसावाचीही सुंता झाली होती. पौल रोमकरांस ११ व्या अध्यायात जैतुनाच्या झाडाच्या मोडून टाकलेल्या फांद्यांविषयी लिहितो. त्या फांद्या मोडल्या गेल्या, याचा अर्थ त्या आधी खरोखर झाडाला होत्या. म्हणून बाप्तिस्मा झालेल्या मुलाने मोठेपणी स्वतः विश्वास धरलाच पाहिजे, आणि नाही धरला तर त्याच्यावरचा शिक्का त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

आई, यानंतरचे फक्त तुझ्यासाठी लिहिते. तू फोनवर अर्धेच बोललीस, पण मला कळले. माझ्या आधी झालेला आपला दादा बाप्तिस्म्यापूर्वीच गेला, आणि या चर्चेमुळे तुझी जुनी जखम पुन्हा उघडली. माझ्या शेजारच्या मिरजेत ज्या प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले, मिशनरी डॉक्टर वान्लेस ज्या मिशनचे होते, त्यांच्या परंपरेची जी वेस्टमिन्स्टरची विश्वासपत्रिका आहे, तिच्या २८ व्या अध्यायात बाप्तिस्म्याचा अव्हेर करणे हे मोठे पाप म्हटले आहे, पण त्याच वाक्यात असेही म्हटले आहे की कृपा त्या पाण्याशी अशी बांधलेली नाही की त्यावाचून कोणाचे तारणच होऊ नये. दादा बाप्तिस्म्यामुळे देवाचा होणार नव्हता; तो तुमच्या पोटी आला तेव्हाच अभिवचनाखाली आला होता, आणि बाप्तिस्मा ही त्या अभिवचनाची खूण झाली असती. खूण राहून गेली. अभिवचन राहून गेले नाही. १६१९ साली नेदरलँड्समधील डॉर्ट येथील धर्मसभेने विश्वासणाऱ्या आईबापांना हेच सांगितले, की बालपणीच देवाने नेलेल्या आपल्या लेकरांच्या तारणाविषयी त्यांनी शंका धरू नये. दावीदही आपल्या मेलेल्या बाळाविषयी म्हणाला होता की तो माझ्याकडे परत येणार नाही, मी त्याच्याकडे जाईन. जी शिकवण मुलांना मुळातच बाहेर धरते, तिला तुला सांगण्यासारखे काय उरते याचा तूच विचार कर. ते बंधूही अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतात, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याजवळ कराराचा शब्द आहे.

त्याच २८ व्या अध्यायात तुमच्या प्रश्नाची आणखी दोन उत्तरे आहेत. एक, बाप्तिस्म्याची परिणामकारकता तो दिला गेला त्या क्षणाशी बांधलेली नाही. दुसरे, तो एका माणसाला एकदाच द्यावयाचा आहे. बाबा, साताऱ्याच्या आपल्या मंडळीचे जुने रजिस्टर तुम्ही मला एकदा दाखवले होते. आईच्या नावाच्या ओळीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, पाळकांची सही, आणि शेवटच्या रकान्यात आजीचा डाव्या हाताचा अंगठा आहे, शाई थोडी पसरलेली. आजीला अक्षर येत नव्हते, पण आपले मूल कोणाच्या हाती देत आहोत हे तिला पक्के कळत होते. आज आईने पुन्हा बाप्तिस्मा घेणे म्हणजे त्या दिवशी काहीच घडले नाही असे म्हणणे होईल.

इफिसातल्या शिष्यांचा पुन्हा बाप्तिस्मा झाला, हा त्यांचा दाखला तपासून पाहा. त्या लोकांना योहानाचा बाप्तिस्मा मिळाला होता, आणि पवित्र आत्मा आहे हेही त्यांनी ऐकले नव्हते. तुमचा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झाला. पाणी किती, यावर मी वेळ घालवत नाही. अगदी आरंभीच्या मंडळीच्या दिदाखे या लेखातही पुरेसे पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे असे सांगितले आहे.

आपल्या मंडळीचा इतिहासही या वादापासून वेगळा नाही. १८१२ साली अमेरिकेतील सेलम येथे ज्या पाच तरुणांची मिशनरी म्हणून दीक्षा झाली, त्यांपैकी अडोनिराम जडसन यांचे मत हिंदुस्थानच्या प्रवासात अभ्यास करता करता बदलले आणि सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात त्यांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्याच पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आपल्या मतावर राहिले, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. जडसन यांच्या हातून ब्रह्मदेशात देवाने केवढे काम करून घेतले! पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा विश्वास धरलेल्यांनाच बुडवून बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट आणि आपण एका मंडळीत आलो, आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. ज्या साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही ख्रिस्तशिष्यांसाठी देवाचा दरबार मांडला, त्याच साताऱ्यात बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरून एका वृद्ध बहिणीला भाकर नाकारली जावी, हे मला सोसवत नाही.

तरीही त्या बंधूंची एक तक्रार अगदी खरी आहे, आणि ती तुम्ही पाळकसाहेबांच्या कानावर घालावी. आपल्याकडे बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे फोटो, केक आणि जेवणावळ होऊन बसला आहे. वर्षभर उपासनेला न फिरकणारे आईबाप मंडळीपुढे उभे राहून वचन देतात आणि दुसऱ्या रविवारपासून दिसत नाहीत. मुलांनी मोठेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, म्हणजे दृढीकरणाचा, वर्ग चार धडे पाठ करण्यावर उरकतो. मुले करारात आहेत असे आपण म्हणतो, तर त्यांना कराराचा देव शिकवायला नको काय? मी इथे संडे स्कूल घेते तेव्हा हा प्रश्न मला दर आठवड्याला टोचतो. आपण आपले काम चोख केले असते तर आपली तरुण मुले दुसरीकडे पाणी शोधत गेली नसती.

म्हणून बाबा, असे करा. त्या बंधूंच्या घरी प्रार्थनेला जाणे थांबवू नका. त्यांच्या भजनांनी आईला बरे वाटते, आणि ते आपले बंधूच आहेत. मात्र पुन्हा बाप्तिस्मा घेणार नाही हे त्यांना शांतपणे, एकदाच सांगा, आणि प्रभुभोजन आपल्या मंडळीत घ्या. आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नसतील तर पाळकसाहेबांना घरी येऊन देण्याची विनंती करा. ते नाही म्हणणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन येते आहे. त्या बंधूंची हरकत नसेल तर एका संध्याकाळी त्यांना आपल्या घरी बोलवा. यिर्मयाचे ते दोन्ही अध्याय आपण त्यांच्याबरोबर बसून वाचू, आणि ३२ व्या अध्यायाविषयी त्यांचे काय म्हणणे आहे ते मला खरोखर ऐकायचे आहे.

आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या कुरिअरने पाठवल्या आहेत. मुले तुम्हां दोघांना सलाम सांगतात.

तुमची लेक